साखरपुड्यातलं सांकोचो

माझी सून काळी आहे. सावळी, निमगोरी, गव्हाळ यांतलं काही नाही, काळी. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली दोन वर्षं हीच गोष्ट मी इतक्या लोकांच्या तोंडून इतक्या आडवळणांनी ऐकली आहे की आता ती सरळ म्हणायची मी सवयच लावून घेतली आहे. ती पनामाची, कोलोन नावाच्या बंदरातली. कॅरिबियन समुद्राच्या काठावरचं गाव. कालव्यात शिरायचं असलेली जहाजं तिथे नंबर लावून उभी असतात. आमचे हे बोटीवर चीफ इंजिनिअर होते, त्यांनी ते बंदर पाहिलेलं. मुलाने पहिल्यांदा पनामाचं नाव काढलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "माझ्या निम्म्या बोटींची नोंदणी तिथलीच, पाठीवर तेच नाव रंगवलेलं असायचं."

मी मात्र काय म्हणाले ते सांगायला हवं. सिंगापुरात, आंग मो किओतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मुलाने फोन माझ्यासमोर धरला. ती दोघं एकाच इमारतीत कामाला, रॅफल्स प्लेसला. तो जहाजांच्या मालाची कागदपत्रं बघतो, ती जहाजांच्या नोंदणीचं काम करते. फोटोत ती हसत होती, दात लख्ख. मी फोटो बघितला आणि विचारलं, "उन्हात काढलाय का रे?"

"नाही आई," तो म्हणाला. "घरात काढलाय. ती अशीच आहे."

मी नोव्हेनाच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दिवसभर माणसं बाही वर करून माझ्यासमोर हात ठेवतात. चिनी, मलाय, तमिळ, युरोपियन, बंगाली मजूर, सगळे. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटांनी चाचपायची असते, हे मी नव्या मुलींना शिकवते. भारतात आणि इथे मिळून वीस वर्षं हे काम केलं आणि तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा. मुलाने फोन उचलून खिशात ठेवला आणि आमटी वाढून घेतली.

ती घरी आली ती एका रविवारी सकाळी, हातात दोन पिशव्या घेऊन. "तुमच्याकडे जेवायला येतेय तर निदान स्वयंपाक मी करते," असं तिने मुलाकडून आधीच कळवलं होतं. मला ते आवडलं नव्हतं. पाहुणीने पहिल्याच भेटीत माझ्या ओट्यापाशी उभं राहायचं म्हणजे काय! पण तिने पिशवी रिकामी केली आणि मी बघतच राहिले. एक अख्खी कोंबडी होती, पिवळट कातडीची, हाडापेरांनी जाडजूड.

"ही म्हातारी आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "शिजायला जन्म जाईल."

"म्हातारीच हवी," ती म्हणाली. "कोवळीचा रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी."

हे मला पटलं. आम्ही वेंगुर्ल्याकडचे, गावठी कोंबडीचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. इथल्या बाजारात चिनी खाटीक सूपसाठी अशा म्हाताऱ्या कोंबड्या ठेवतात, ते तिने शोधून काढलं होतं. मग पिशवीतून लांबट हिरवी पानं निघाली, कडा करवतीसारख्या. मी एक पान चुरगळलं. वास कोथिंबिरीचाच, पण दहा जुड्या एकदम हुंगल्यासारखा. याला ती कुलांत्रो म्हणते. थाई भाजीवालीकडे मिळतं म्हणाली. शेवटी एक ओबडधोबड कंद काढला आणि तिचा चेहरा पडला. "हा चुकीचा आहे," ती म्हणाली. "मी दुकानात 'याम' म्हटलं की हेच देतात."

ती अळकुडी होती. सिंगापुरात याम म्हणजे अळकुडीच. तिला हवा होता तो कंद तिने फोनवर दाखवला: वरून मातकट, आतून पांढरा, चिकट. त्याला ते न्यामे म्हणतात. मी म्हटलं, "अगं, हे तर कोनफळ!" आमच्याकडे परसात लावायचे. लिटल इंडियातल्या एका तमिळ दुकानदाराकडे हटकून मिळतं हे मला ठाऊक होतं. मुलाला पिटाळलं. तो तासाभरात घेऊन आला आणि तिने ते हातात घेऊन असा वास घेतला की मी क्षणभर तिच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशीचं ते पहिलं नीट पाहणं.

तिने कोंबडीचे तुकडे लसूण, ओरेगानो आणि त्या पानांत मुरवले, जरा परतले, पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. झालं. ना कांदा-खोबऱ्याचं वाटण, ना तिखट, ना हळद. मला राहवेना. दोन तासांनी ती बाल्कनीत आईला फोन करायला गेली तेव्हा मी डब्यातला माझ्या हातचा मालवणी मसाला चमचाभर उचलला आणि पातेल्यात टाकून ढवळला.

ती परत आली. झाकण काढलं. चव घ्यायचीही गरज पडली नाही, वासानेच कळलं. गॅस बंद करून ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"आंटी, तुमची कोंबडी तुम्ही करा, मी दोनदा मागून घेईन. पण ही माझी आहे. हिच्यात हात घालू नका."

माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी मला हे सांगत होती. कानशिलं तापली माझी. वाटलं, सांगावं मुलाला, बघ तुझी निवड. पण ती कोंबडी आम्ही सगळ्यांनी तशीच मसाल्यासकट खाल्ली, तिनेही खाल्ली, आणि निघताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी परत करते. बरोबर." पुढच्या रविवारी ती खरंच आली, दुसरी म्हातारी कोंबडी घेऊन. त्या वेळी मी ओट्याच्या अलीकडे उभी राहून हात मागे बांधले आणि बघितलं. कोनफळ अर्धं विरघळून रस्सा दाट झाला. वर तेलाचे बारीक थेंब. बाजूला पांढरा भात. पहिला घोट घेतला तेव्हा काहीतरी राहिलंय असं वाटलं. तिसऱ्या घोटाला काही राहिलेलं नाही हे कळलं.

या पदार्थाला सांकोचो म्हणतात. कॅरिबियनच्या काठाकाठाने ते होतं आणि प्रत्येक गाव दुसऱ्याला चुकीचं ठरवतं. डॉमिनिकन लोक त्यात सात प्रकारचं मांस घालतात, ती सांगायची आणि नाक मुरडायची. पोर्तो रिकोत लाल भोपळा आणि मक्याची कणसं. कोलंबियाच्या किनाऱ्यावर मासे आणि नारळाचं दूध. त्रिनिदादला चक्क डाळ घालतात. "आणि खरं कुठलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते माझ्या घरातही ठरलेलं नाही." तिची आई पनामाच्याच दुसऱ्या भागातली, लोस सांतोसची, तिथे कोंबडी, न्यामे, कुलांत्रो, बस. चौथी वस्तू घातली की आईला तो अपमान वाटतो. वडिलांची आई मात्र कोलोनची. ती कच्चं केळं घालते, अळकुडी घालते, मका घालते, आपल्या साबुदाण्याचा तो कंद घालते आणि वर झणझणीत मिरची. तीस वर्षं त्या सासूसुना एकमेकींचं सांकोचो जेवल्या आणि तीस वर्षं दोघींनी तोंडावर सांगितलं की हे सांकोचो नव्हे.

साखरपुडा ठरला आणि ठाण्याहून माझ्या जाऊबाई यायच्या ठरल्या.

जाऊबाईंबद्दल मी वाईट बोलणार नाही, निदान सगळं वाईट बोलणार नाही. आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा मुलगा दहावीत होता. त्याला मधेच उचलणं बरं नव्हतं. तो दोन वर्षं त्यांच्याकडे राहिला. पहाटे पाचला उठून त्यांनी त्याचा डबा केला. त्याला टायफॉइड झाला तेव्हा मी इथून फोनवर रडत होते आणि त्या तिथे त्याच्या उशाशी बसून होत्या. तो त्यांना मोठी आई म्हणतो, आणि ते नुसतं नातं सांगण्यापुरतं नाही. म्हणून त्या आणि भावजी आठवडाभर आधी आले, तेव्हा मी त्यांना माझी खोली दिली आणि ठरवलं की काहीही झालं तरी गोड बोलायचं.

गोड बोलायचं म्हणजे काय करायचं हे पहिल्या संध्याकाळीच कळलं. जाऊबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, तिला मराठी येत नव्हतं. मी मधे. जाऊबाई तिच्या केसांकडे बघून म्हणाल्या, "काय गं हे केस, काथ्यासारखे." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्यांना तुझे केस आवडले." ती हसून थँक्यू म्हणाली. दुसऱ्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "मुलं कशी होतील देव जाणे." मी भाषांतर केलं, "त्या तुम्हाला आशीर्वाद देताहेत." तिसऱ्या दिवशी मी कामावर एकाच बाईच्या हातात तीनदा सुई चुकवली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी, बुधवारी, ती ऑफिसातून थेट आमच्याकडे आली. जाऊबाईंनी बॅगेतून स्टीलचा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. आत उटणं. घरी दळलेलं, चांगलं वासाचं.

"हिला सांग," जाऊबाई म्हणाल्या, "रोज लाव म्हणावं, सकाळ-संध्याकाळ. शनिवारपर्यंत काही होणार नाही, पण लग्नाच्या फोटोपर्यंत दोन छटा तरी उतरेल. आणि शनिवारी माणसं येतील त्यांना पनामा वगैरे सांगत बसू नका. स्पॅनिश आहे म्हणा. खोटं नाहीच ते, बोलते ना स्पॅनिश?"

ती माझ्याकडे वळली. "काय म्हणाल्या?"

हे खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली केलं. भावजी चहाच्या कपात बघत होते. मला वाटलं, म्हणावं, त्वचेला चांगलं असतं. सोपं होतं. तीन दिवस तेच करत होते.

मी सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. दोन छटा, लग्नाचे फोटो, स्पॅनिश. मग तेवढ्यावर थांबले नाही. केसांचं काय म्हणाल्या होत्या तेही सांगितलं आणि मुलांचंही. आणि म्हणाले, "मी तुला तीन दिवस खोटं सांगत होते. हे त्यांच्याइतकंच माझंही आहे."

तिने डबा उघडला, चिमूटभर उटणं घेऊन हुंगलं.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "माझी आजी माझ्याहून काळी आहे. शनिवारी ती तुमच्या टीव्हीवर असणार आहे, भिंतभर. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून काही होणार नाही. आणि डबा मी घेते. वास छान आहे, आंघोळीला वापरीन. उतरायला नाही."

तेही मी जाऊबाईंना सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

जाऊबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. मग म्हणाल्या ते मला आजही ऐकू येतं, कारण त्यात राग कमी होता. "मला सात जणांनी नाकारलं होतं रंगावरून. चहाची कपबशी हातात धरून मी बसायचे आणि ते उठून जायचे. मी भोगलंय म्हणून सांगते. हिच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून."

"तुम्ही भोगलंय," मी म्हणाले, "तर हिच्या शेजारी सगळ्यात आधी तुम्ही बसायला हवं होतं, वहिनी."

"मग शनिवारी मी बाहेर येणार नाही."

त्या थांबल्या. मी काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. पंचवीस वर्षं अशा वेळी मी 'असं नका करू वहिनी' म्हणत आले होते.

"बरं," मी म्हणाले.

त्या रात्री नव्हे, लगेच, त्याच संध्याकाळी मी केटररला फोन लावला. जेवण जाऊबाईंनी ठाण्यातूनच ठरवून दिलं होतं: मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. शाकाहारी लोकांसाठी तेवढं राहू दे म्हटलं, बाकीचं मी घरी करते. मग सुनेला विचारलं, "पंचवीस माणसांचं सांकोचो होईल?"

"साखरपुड्याला?"

"साखरपुड्यालाच."

"कुणाचं?" तिने विचारलं. "आईचं की आजीचं?"

"दोन्ही. भांडण लावायचंच आहे तर पूर्ण लावू."

मुलगा रात्री आला. त्याला सगळं सांगितलं. तो जाऊबाईंच्या खोलीत गेला, दार लोटलं. तासभर आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "मोठी आई नाही येत म्हणते."

"तुला हवं असेल तर पुढे ढकलू," मी म्हणाले. तो हो म्हणाला असता तर मला ते मानावं लागलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "शनिवारीच."

शुक्रवारी सकाळी मी सुट्टी टाकून बाजारात गेले. कोंबडीवाल्या अंकलने विचारलं, "एवढ्या म्हाताऱ्या कोंबड्या? घरात बाळंतीण आहे का?" चिनी लोक बाळंतिणीला हे सूप देतात. मी म्हटलं, "सून आणतेय." त्याने आठ कोंबड्या तोडून दिल्या आणि पाय वेगळे बांधून दिले, "सूपला घाल, नाही तर चव नाही लाह." इथे प्रत्येक वाक्याला ते 'लाह' चिकटतंच. शनिवारी सकाळी सातला ती आली. हे कोनफळ सोलायला बसले. हात खाजू नयेत म्हणून त्यांनी आधी तेल चोळलं, ते बघून तिनेही चोळलं. दोन मोठी पातेली शेजाऱ्यांची, एक शेगडी आमची, एक मलाय मैत्रिणीकडून आणलेली.

आठ वाजता पनामाला फोन लावला. तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. टीव्हीच्या पडद्यावर आधी तिची आई आली, सडपातळ, चष्म्याची, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पाय स्टुलावर ठेवलेला. म्हणून तर त्यांना येता आलं नव्हतं. मग आजी आली. खरंच, भिंतभर. डोक्याला पिवळा रुमाल, चेहरा इतका काळा आणि इतका देखणा की आमच्या हॉलमध्ये दुसरीकडे बघावंसंच वाटेना. तिने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"विचारतेय, आठ कोंबड्या तुम्ही निवडल्या का," सुनेने सांगितलं.

"हो म्हणावं."

"म्हणते, बाई शहाणी दिसतेय."

मग दोन पातेल्यांवरून त्या दोघी पडद्यावरच भांडायला लागल्या. आई सांगत होती, केळं घालू नकोस, रस्सा काळा पडतो. आजी सांगत होती, तुझ्या आईचं ऐकशील तर पाहुणे उपाशी जातील. सून एका हाताने ढवळत होती, दुसऱ्या हाताने दोघींना गप्प करत होती. मला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. मी या वेळी कुठल्याच पातेल्यात काही टाकलं नाही. माझा मसाल्याचा डबा कपाटात होता आणि तिथेच राहिला.

साडेदहाला माणसं आली. इथल्या मराठी मंडळातल्या चार-पाच मैत्रिणी नवऱ्यांसकट, यांचे दोन जुने बोटीवरचे सोबती, लॅबमधली माझी सोबतीण, शेजारची चिनी आंटी. दारातच मी प्रत्येकाला सांगितलं, "ही आमची सून. पनामाची." ओटी भरली, साखरेचा पुडा दिला, अंगठ्या झाल्या. पडद्यावर आजी रडत होती आणि रडताना मोठमोठ्याने काहीतरी गात होती. आमच्या खोलीचं दार बंद होतं. येणाऱ्या प्रत्येकीने विचारलं, "जाऊबाई कुठेत?" मी डोकेदुखीचं कारण दिलं नाही. "त्यांना हे पसंत नाही, त्या आत बसल्यात," असं सांगितलं. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. एक मैत्रीण मला बाजूला ओढून म्हणाली, "अगं, असं सांगतात का?" मी म्हटलं, "मग कसं सांगतात?"

जेवणं सुरू झाली. दोन पातेली शेजारी, मधे भात. तीच मैत्रीण वाटी तोंडाला लावून म्हणाली, "हा तर आपला पांढरा रस्साच की गं! थोडं खसखस-काजूचं वाटण लावलं असतं तर..."

"नाही," मी म्हणाले. "पांढरा रस्सा नाही. हे सांकोचो आहे, आणि त्याला वाटण लागत नाही."

माझ्याच तोंडून हे ऐकून सुनेने वळून बघितलं. ती हसली नाही, नुसती बघत राहिली आणि मग परत वाढायला लागली.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. सगळे थांबले. भावजी बाहेर आले, एकटेच. त्यांनी दार आपल्यामागे ओढून घेतलं. ते रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आयुष्यभर बायकोपुढे शब्द न काढलेले गृहस्थ. सावकाश चालत टेबलापाशी आले, वाटी घेतली आणि सुनेपुढे धरली. तिने विचारलं, कुठलं? दोन्हींत फरक काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्हींकडे बोट दाखवलं. आधी आईचं खाल्लं, मग आजीचं खाल्लं, मग परत आजीचं घेतलं. खिशातून पाकीट काढलं, त्यातून एक चांदीचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा." ते मी भाषांतरित केलं नाही. तिला कळलं होतं.

जाऊबाई सोमवारी गेल्या. विमानतळावर त्यांनी मुलाला जवळ घेतलं, मला नमस्कार केला, सुनेकडे बघितलं नाही. तीन महिन्यांनी रजिस्टर लग्न झालं तेव्हा कुणाबरोबर तरी पुडकं आलं: मुलाला शर्टाचं कापड, यांना धोतरजोडी, मला पैठणी. सुनेसाठी काही नव्हतं. पैठणी सुरेख होती, मोरपंखी. मी घडीही मोडली नाही. त्याच माणसाबरोबर परत पाठवली आणि वर चिठ्ठी ठेवली: "दोन पाठवाल तेव्हा एक घेईन." हे म्हणाले, "फार लागेल गं त्यांना." मी म्हटलं, "लागू दे."

तेव्हापासून मी त्यांना फोन केलेला नाही. मला आठवण येत नाही असं नाही. टायफॉइडच्या दिवसांतल्या त्या बाईची फार आठवण येते. पण मुलाच्या उशाशी बसल्या म्हणून मुलाच्या बायकोचा अपमान मी गिळावा, हा हिशेब मला मान्य नाही.

सूनबाईंचं वेगळंच. ती दोघं रविवारी जेवायला येतात. सांकोचो करायचं असेल तर ती करते, कोंबडी-वडे करायचे असतील तर मी, आणि कुणी कुणाच्या पातेल्यात हात घालत नाही. जेवणाआधी ती बाल्कनीत उभी राहून ठाण्याला फोन लावते. वाजून वाजून बंद होतो. पुढच्या रविवारी पुन्हा लावते. मी एकदा म्हणाले, "कशाला लावतेस? त्यांनी तुला माणसात धरलं नाही."

"तुमचं भांडण तुम्ही तुमच्या पद्धतीने केलंत," ती म्हणाली. "माझं मी माझ्या पद्धतीने करतेय. त्यांना दर रविवारी माझं नाव फोनवर बघायला लागलं पाहिजे."

मागच्या महिन्यात फोन उचलला गेला. भावजी होते. तिने स्पीकर लावला. त्यांचं ते ऑफिसातलं, शब्द शोधत बोललेलं इंग्रजी: म्हातारी कोंबडी किती वेळ शिजवायची? कोनफळ आधी घालायचं की नंतर? बाजारात कोनफळ आलंय म्हणाले, एक किलो आणून ठेवलंय.

"तीन तास," सून म्हणाली. "कोनफळ दोन तासांनी."

मागून जाऊबाईंचा आवाज आला, "कुणाचा फोन?"

भावजी थांबले. मला वाटलं, ठेवतील आता.

"आपल्या सुनेचा," ते मोठ्याने म्हणाले, मराठीत. मग तिला इंग्रजीत विचारलं, "मीठ कधी?"

मागे भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. सून डगमगली नाही. मीठ शेवटी, तिने सांगितलं, आणि ओरेगानो नसेल तर ओव्याची पानं चालतील का हे आजीला विचारून कळवते म्हणाली.